तांबड्या ढगातले भाऊ

१

बाबांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्याच्या अंतरानं झालं होतं आणि दुसरी पट्टी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघाली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. राहुल आणि गोलू, माझे दोघे धाकटे भाऊ, दिवसभर कामावर. म्हणून थेंब माझ्याकडे. संध्याकाळी शाळेतून आले की मी चहा टाकायची, बाबांना गच्चीवर न्यायची, मान मागं करायला सांगायची आणि थेंब सोडायची. मग ते अर्धा तास तिथंच फिरायचे. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये आमच्या गल्लीत फिरायला दुसरी जागाच नाही.

बाबांनी बत्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या लाल लोखंडाकडे पाहायचं. आभाळाकडे पाहायची त्यांना सवयच नव्हती. त्या दिवशी मात्र ते टाकीला टेकून वर पाहत होते.

"वंदे, दोरीवरचे कपडे काढ. आभाळ आलं."

आभाळ कोरडं होतं. सात वाजले असतील. भिलाईत दिसतात तेवढे, म्हणजे मोजून दहा-बारा तारे होते.

"कुठं आलं, बाबा? प्लांटात भट्टीतला स्लॅग ओतला असंल. त्याचा उजेड."

"स्लॅगचा उजेड मी बत्तीस साल पायला. तो खालून वर जाते." त्यांनी बोट वर केलं. "हे वरून लटकून राहिलं."

मी कपडे काढले. उगाच वाद नको.

२

मी शाळेत फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. आधी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नवीन लेन्समुळे काही दिवस रंग वेगळे दिसतात, उजेडाभोवती वलयं दिसतात. मला पटलं. तरी बाबा रोज तेच सांगत होते, आणि ते तांबडे ढग रोज त्याच ताऱ्यांपाशी असायचे. म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर कागद आणि खडू ठेवले. ज्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात, ते मृगाचे तीन तारे मी आधी काढून दिले.

बाबांनी त्या तिघांभोवती मोठा अर्धा गोल काढला, तांबडा, फाटक्या कडांचा. डावीकडे फुलासारखं एक कडं, मधे पोकळ. बऱ्याच वर एक लांबट पट्टा.

लॅबच्या भिंतीवर तेजोमेघांचं एक जुनं पोस्टर होतं. दुसऱ्या दिवशी मी कागद त्याच्या शेजारी धरला. अर्धा गोल होता. फूल होतं. पट्टा होता. पोस्टरखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की कॅमेरा कित्येक तास उघडा ठेवून हा फोटो घेतला आहे आणि यातलं बहुतेक काही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मी स्वतःशीच म्हटलं, कुठंतरी पाहिलं असेल. टीव्हीवर, कॅलेंडरवर. मग कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

३

आमच्या गल्लीत सिंधुताई राहायच्या. त्या रिटायर्ड नर्स, मूळच्या अचलपूरच्या. दर रविवारी चर्चला जायच्या आणि दर बुधवारी बाबांचे डोळे तपासायला यायच्या.

त्या बुधवारी त्या गच्चीवर आल्या तेव्हा बाबांचं बोलणं चालू होतं. ढगांमध्ये आता त्यांना आकार दिसू लागले होते.

"एक गधा बसला आहे. दोन बोऱ्याईच्या मधात. अन् तिकडं शेराचं पिल्लू. तोंड रगतानं भरलं त्याचं."

सिंधुताईंच्या हातातली टॉर्च खाली गेली. "गुलाबभाऊ, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"मले कोण वाचून दाखवते? पाहून सांगून राहिलो."

त्या तशाच घरी गेल्या आणि खाकी कव्हर घातलेलं बायबल घेऊन आल्या. याकोब नावाचा म्हातारा होता, त्यांनी मला सांगितलं. देवानं त्याला इस्राएल हे नाव दिलं. त्याला बारा मुलगे, आणि त्या बारांची पुढं बारा कुळं झाली. मरायच्या आधी त्यानं सगळ्यांना खाटेजवळ बोलावलं आणि कुणाचं पुढं काय होणार ते एकेकाला सांगितलं. एक सिंहाचा छावा. एक दोन ओझ्यांमध्ये बसलेलं गाढव. एक लांडगा, सकाळी शिकार खाणारा.

"म्हाताऱ्याची नजरसुद्धा गेली होती," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं त्यानं पाहिलं."

त्यांनी पान उलटलं. त्या वाचायच्या आधीच बाबा बोलले.

"आता रस्त्यावर साप आडवा झाला. घोड्याच्या टाचीले डसला. वरचा माणूस पाठीवर पडून राहिला, पाह्य वंदे."

सिंधुताईंनी मला पुस्तकातली ओळ बोटानं दाखवली. तिथं तेच होतं. साप, घोड्याची टाच, मागच्या मागे पडणारा स्वार.

मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी विचारलं, "याकोबाला मुलगी नव्हती का, ताई?"

"होती. दीना."

"तिचं काय सांगितलं त्यानं?"

"काहीच नाही," सिंधुताई म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता समोरचा गुड्डू मोटरसायकलवर ड्युटीला निघाला. नाक्यावर खांबावरून तुटलेली एक काळी केबल रस्त्यावर आडवी पडली होती. ती मागच्या चाकात गुंडाळली गेली आणि गाडीचं पुढचं चाक घोड्यासारखं वर उठलं. गुड्डू पाठीवर पडला. मी शाळेला जाताना तिथं पोचले. डोकं मागून नारळासारखं फुटलं होतं. त्याची आई त्याच्या डोक्याचे तुकडे पदरात गोळा करत होती आणि लोक तिला धरून मागं ओढत होते.

४

अपघात रोज होतात. केबली रोज तुटतात. हे मी शाळेत पोचेपर्यंत स्वतःला सांगत होते आणि पुढचे दहा दिवस सांगत राहिले. गच्चीवर जाणं मी बंद केलं. थेंब घरातच घालू लागले.

त्याच दिवसांत घरात दुसरं एक वादळ आलं, आणि ते मीच आणलं होतं. माझं वय एकतीस. विक्की रेल्वेत सिग्नलच्या कामावर, घर नंदिनी नगरला, वडील तिथल्या चुनखडीच्या खाणीत होते. चार वर्षांची आमची ओळख. एका रात्री जेवताना मी सांगून टाकलं, की मला त्याच्याशी लग्न करायचं आहे.

"पूरा नाम क्या है?" गोलूनं विचारलं.

मी सांगितलं. आडनाव ऐकल्यावर गोलूनं ताट सरकवलं. राहुल जेवत राहिला. त्यानं शेवटचा घास खाल्ला, हात धुतला, परत आला आणि माझ्या तोंडात मारली. ओठ दातावर फाटला.

"परत नाव नको घेऊ," तो म्हणाला. "तुले बी कापीन अन् त्याले बी."

बाबा खाटेवर बसले होते. "राहुल," एवढंच ते म्हणाले. राहुलनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर तीन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला होता, आणि ते भिंतीकडे पाहत होते.

"दोघं भाऊ आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "हातात हत्यारं. खाली एक माणूस पडला आहे. त्याले मारूनच राहिले, तो मेला तरी मारून राहिले. बाजूले बैल. त्याच्या मांगच्या पायाच्या शिरा कापल्या."

"तोंडं दिसतात का, बाबा?"

त्यांनी उशीजवळचा काळा चष्मा चाचपला आणि डोळ्यांवर चढवला. "नाई."

बाबांना खोटं बोलता येत नाही. जन्मात कधी आलं नाही.

५

मी सिंधुताईंकडे गेले. त्यांनी ती जागा लगेच काढली. शिमोन आणि लेवी. सख्खे भाऊ, त्यांच्या तलवारी म्हणजे जुलमाची हत्यारं. रागाच्या भरात त्यांनी माणूस मारला आणि मनाला आलं म्हणून बैलाची घोडशीर, मागच्या पायाची शीर, तोडली. बापानं त्यांच्या रागाला शाप दिला.

"कुणाला मारलं?"

त्यांना सांगायचं नव्हतं. मी उठले नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "दीनाचे भाऊ ते. एका परक्या माणसानं तिच्यावर हात टाकला, आणि मग तिच्याशी लग्न करायचं म्हणाला. भाऊ गोड बोलले. होय म्हणाले. मग बेसावध गाठून त्याला आणि त्याच्या सगळ्या गावाला कापलं." त्यांनी माझा हात धरला. "वंदना, ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. झाली आणि संपली. देवाच्या पुस्तकात दया पण खूप आहे. तू तेवढंच धरून बसू नको."

घरी आले तेव्हा राहुल आणि गोलू खाटेवर शेजारी शेजारी बसले होते. मधे पेढ्यांचा डबा.

"दीदी, हम लोग मान गए," गोलू म्हणाला.

राहुल उठला. माझ्या ओठाकडे पाहून त्यानं मान खाली घातली. "गलती झाली माझ्यानं. गरम डोक्यात होतो. रविवारी जाऊ आम्ही त्याच्या घरी, बात पक्की करून येऊ. तू त्याले सांगून ठेवजो." त्यानं पेढा माझ्या तोंडाजवळ धरला.

आता कितीही वेळा मागं वळून पाहिलं तरी मी या जागेवर येऊन थांबते. पेढ्याचा वास नाकात होता. आतल्या खोलीत बाबा कण्हत होते. मी मनात हिशेब मांडला: एका बाजूला माझे भाऊ, ज्यांना मी अंगाखांद्यावर खेळवलं, दुसऱ्या बाजूला ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला दिसणारे ढग. विक्कीला मी काय सांगणार होते? आभाळात गाढव दिसलं, म्हणून त्यांना घरी येऊ देऊ नको?

मी पेढा खाल्ला. मग विक्कीला फोन केला. तो इतका हसला की मलाही हसू आलं.

६

रविवारी तीन वाजता दोघे गोलूच्या पिकअपमधून गेले. मला सोबत घेतलं नाही. "पहली बार में लड़की नहीं जाती," गोलू म्हणाला.

चार वाजता विक्कीचा फोन आला. "तुझे भाऊ रस्ता चुकले म्हणे. जुन्या खदानीच्या वळणावर थांबले आहेत. मी जाऊन घेऊन येतो." मागं त्याच्या आईचा भांडी लावण्याचा आवाज येत होता.

राहुल आणि गोलूला नंदिनीचा रस्ता झोपेतही सापडला असता. मी परत फोन केला. वाजत राहिला.

तेवढ्यात आतून बाबा ओरडले. लख्ख दिवसाउजेडी, बंद खोलीत, ते छताकडे पाहत होते आणि दोन्ही हात पुढं करून कुणालातरी अडवत होते. "सोड! राहुल, सोड त्याले! गोलू!"

मी स्कूटी काढली. वीस किलोमीटर मी कशी चालवली ते आठवत नाही.

खदानीच्या वळणावर पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. आधी बैल दिसला. पांढरा बैल, रस्त्याच्या कडेला बसल्यासारखा. मला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उभे राहिले, मागचे राहिलेच नाहीत. टाचांच्या वर दोन्ही शिरा कापलेल्या होत्या आणि तो पुढच्या पायांवर स्वतःला ओढत होता. तोंडातून आवाज निघत नव्हता.

त्याच्या पलीकडे पिकअप होती. पिकअपच्या मागं माझे भाऊ.

राहुलच्या हातात सब्बल म्हणजे लोखंडी पहार होती, गोलूच्या हातात ऊस तोडायचा कत्ता. विक्की खाली होता. त्यानं मुद्दाम इस्त्री करून घातलेला आकाशी शर्ट मी ओळखला. शर्टाच्या वर ओळखावं असं काही राहिलं नव्हतं. सब्बल उचलली जायची आणि खाली यायची, मग कत्ता, मग परत सब्बल. दोघं आळीपाळीनं, घाई न करता. प्रत्येक घावाला ओल्या मातीत कुदळ बसल्यासारखा आवाज येत होता.

मी किंचाळले असेन. त्यांनी ऐकलं नाही. आणि तेव्हा मला ते दिसलं, जे मी पोलिसांना सांगितलं नाही. दोघांपैकी एकही खाली पाहत नव्हता. दोघांच्या माना मागं टाकलेल्या होत्या, तोंडं उघडी, आणि नजर पूर्वेच्या आभाळात एकाच ठिकाणी लागलेली. तिथं काही नव्हतं. वरून कुणी सांगावं आणि यांनी करावं, तसे त्यांचे हात चालले होते.

मी राहुलच्या हाताला लटकले. सब्बलीचं दुसरं टोक माझ्या बरगडीत बसलं आणि मी खाली पडले. माझा तळवा विक्कीच्या छातीवर पडला. छाती आत गेलेली होती, आणि गरम होती.

मग आवाज थांबला. गोलूनं मान खाली केली, डोळे चोळले आणि माझ्याकडे पाहिलं, जणू नुकताच झोपेतून उठला.

"दीदी? तू यहाँ क्यों आई?"

७

दोघांनी गुन्हा कबूल केला. त्याला मारायचं ठरवूनच गेलो होतो, म्हणाले. पेढे, माफी, सगळं ठरवून. मग यात आभाळाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारत होते. दोन माणसांच्या डोक्यात जात भरली, राग भरला, आणि त्यांनी एका चांगल्या माणसाचा जीव घेतला. त्याला ढग कशाला लागतात? विक्कीची आई अंत्ययात्रेत माझ्या तोंडावर थुंकली. ते मला बरोबर वाटलं.

फक्त बैलाचं कुणाला काही सांगता आलं नाही. बैल जवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा होता, दावं तोडून आलेला. दुर्गच्या जेलमध्ये भेटीच्या वेळी मी जाळीतून राहुलला विचारलं.

"कोणता बैल?" तो म्हणाला.

गोलूला वेगळं विचारलं. "कौन सा बैल, दीदी?"

कत्त्यावर बैलाचं रक्त सापडलं होतं. दोघंही माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते, जणू वेड मलाच लागलं आहे.

८

बाबा बोलायचे बंद झाले होते. शेजारच्या घरी चुना लावायचं काम चाललं होतं आणि कळीचा चुना भिजवलेली बादली आमच्या गच्चीवर ठेवली होती. जानेवारीत एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबा घरात नव्हते. वर गेले. ते बादलीपुढं गुडघ्यांवर बसले होते, आणि चेहरा कानापर्यंत चुन्यात होता.

केस धरून मी त्यांना मागं ओढलं. पाणी ओतलं, टाकी रिकामी होईपर्यंत ओतत राहिले. ते ओरडले नाहीत. पापण्यांची कातडी माझ्या बोटांना चिकटून येत होती.

रायपूरच्या दवाखान्यात दोन्ही डोळे काढावे लागले. तीन आठवड्यांनी मी त्यांना घरी आणलं. रोज पट्टी सोडून जखम पुसायची, हे मला शिकवलं होतं. घरात आम्ही दोघंच.

पहिल्याच दिवशी पट्टी सोडली तेव्हा बाबांनी महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आता एकदम साफ दिसते, वंदे."

"काही दिसत नाही, बाबा. डोळे नाहीत आता."

"डोळेच आडवे येत होते." त्यांचा आवाज शांत होता. "त्या दोघाईच्या मांगं कोणीतरी येऊन उभं आहे."

कापूस भिजवून मी त्यांची डावी पापणी वर केली. ट्यूबलाइट डोक्यावर होती. आत गुलाबी मांस असायला हवं होतं, मी ते दवाखान्यात रोज पाहिलं होतं. मांस नव्हतं. आत काळं होतं, आणि त्याला तळ नव्हता. माझ्या बोटांच्या टोकांना माघातल्या पहाटेसारखी गार हवा लागली. खूप खोल, खूप हळू, तांबडं काहीतरी फिरत होतं, फाटक्या कडांचं. त्यात दोन माणसं उभी होती, माना मागं टाकलेली. त्यांच्या मागं एक बाई. तिची पाठ माझ्याकडे होती, केस मोकळे.

ती वळू लागली, तशी मी पापणी सोडली.

९

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की मला रोज ती जखम पाहवत नाही. ते म्हणाले, पापण्या कायमच्या शिवून टाकता येतात, छोटंसं काम आहे. मी लगेच सही केली. सिंधुताई सोबत आल्या होत्या. त्या बाहेर बाकावर डोळे मिटून प्रार्थना करत बसल्या. मला आत उभं राहू दिलं, कारण माझा हात सोडायला बाबा तयार नव्हते.

उजवी पापणी पाच मिनिटांत झाली. डावीचे टाके पडत आले. शेवटचा टाका राहिला होता, तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि डॉक्टर पाहायला खाली वाकले.

त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग परत त्या फटीकडे, मग परत माझ्याकडे. कपाळावर घाम आला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "आप तो... इधर ही खड़ी हैं ना? शुरू से?"

मी हो म्हटलं.

त्यांनी घाईघाईनं सुई ओढली आणि गाठ मारली.